पाच कोटींचा वीकेंड आणि दुसऱ्या शुक्रवारचे दोन खेळ

प्रश्न असा आहे: एका मराठी चित्रपटाची ‘तीन दिवसांत पाच कोटी’ अशी पोस्टर झळकली, तरी दुसऱ्या शुक्रवारी त्याला शहरात सकाळचे दोन-तीन खेळच उरले. मग आकडा खोटा होता, की प्रेक्षकांना चित्रपट आवडलाच नव्हता?

आकडा खरा असूनही हे घडू शकतं. पहिल्या तीन दिवसांत तिकीट काढणाऱ्या बहुतेकांना चित्रपट कसा आहे हे ठाऊक नसतं. ते ट्रेलर, कलाकार, एखादं गाजलेलं गाणं, सुट्टीचा दिवस आणि जवळच्या थिएटरातली सोयीची वेळ बघून येतात. त्यामुळे वीकेंडची रक्कम चित्रपटाबद्दलच्या अपेक्षेची आणि त्याला मिळालेल्या खेळांची असते. आवड कळते ती शुक्रवार ते रविवार आकडा कसा चढला, सोमवारी किती टिकला आणि दुसऱ्या शुक्रवारी किती उरला यावरून. आणि हे मोजायचं दर खेळामागे विकल्या गेलेल्या तिकिटांत. कोटींच्या आकड्यात तिकिटाचा दर, कर आणि खेळांची संख्या असं बरंच काही मिसळलेलं असतं.

आधी त्या पाच कोटींची फोड करू. पोस्टरवरचा आकडा जवळपास नेहमी ‘ग्रॉस’ असतो, म्हणजे जीएसटीसकट. २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला ५ टक्के आणि त्यावरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी आहे (त्याआधी खालचा दर १२ टक्के होता). २३६ रुपयांच्या तिकिटातले ३६ रुपये कराचे, २०० रुपये ‘नेट’. ऑनलाइन बुकिंगचं सुविधा शुल्क यात कुठेच येत नाही, ते वेगळं. आता पाच कोटी ग्रॉसमध्ये परदेशातले ३० लाख धरलेले असतील, तर भारतातले ४ कोटी ७० लाख उरतात. सगळी तिकिटं १८ टक्क्यांच्या दरातली धरली तर नेट होतं सुमारे ३ कोटी ९८ लाख. त्यात बुधवार-गुरुवारच्या पेड प्रीव्ह्यूचे, म्हणजे प्रदर्शनाआधी तिकीट लावून दाखवलेल्या खेळांचे, ३८ लाख मिसळलेले असतील, तर खऱ्या तीन दिवसांचे उरतात ३ कोटी ६० लाख. कोणी एक पैसाही खोटा सांगितला नाही, तरी पाचाचे साडेतीन झाले. दोन चित्रपटांची तुलना करताना एकाचा ग्रॉस आणि दुसऱ्याचा नेट समोरासमोर ठेवणं ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. बातमीत ‘नेट’ हा शब्द नसेल तर ग्रॉस समजून चाला.

यातलं निर्मात्याकडे किती जातं हेही इथेच सांगतो, कारण खेळ का कमी होतात याचं अर्धं उत्तर त्यात आहे. २००९ साली निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यातला संप मिटला तेव्हा जे सूत्र ठरलं, तेच आजही हिशेबाचा पाया धरलं जातं: नेटमधला वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० टक्के. एकपडदा थिएटरांत कुठे टक्केवारी, कुठे ठरीव भाडं, कुठे मिनिमम गॅरंटी, म्हणजे चित्रपट चालो न चालो, द्यायची ठरलेली किमान रक्कम. म्हणजे वरच्या ३ कोटी ९८ लाखांतून वितरकाच्या हाती साधारण दोन कोटी येतात. त्यातून त्याचं कमिशन, डिजिटल प्रक्षेपणाचं शुल्क आणि जाहिरातीचा खर्च वजा होतो. पोस्टरवर पाच कोटी असताना निर्माता हात चोळत का बसतो, ते यावरून कळेल. उलट, चित्रपट जितका लांब चालतो तितका थिएटरचा वाटा वाढत जातो. तिसऱ्या आठवड्यात भरलेला हॉल मालकाला पहिल्या आठवड्यातल्या तितक्याच भरलेल्या हॉलपेक्षा जास्त पैसे देतो. म्हणून गर्दी असेल तर थिएटर चित्रपट सहसा उतरवत नाही. उतरवला असेल तर एक तर गर्दी नव्हती, किंवा त्याच जागी आणखी मोठ्या गर्दीचं आश्वासन देणारं काहीतरी येत होतं. दोन्ही शक्यतांत फरक कसा करायचा ते पुढे येईल.

आता मुख्य मुद्दा. दोन कल्पित चित्रपट घेऊ, आकडे नेट लाखांत. पहिला: शुक्रवारी ६०, शनिवारी ९०, रविवारी १२०. बेरीज २७०. दुसरा: ११०, १०५, १००. बेरीज ३१५. वीकेंडच्या बातमीत दुसरा पुढे. सोमवारी पहिला ४५ वर, दुसरा ३८ वर. गुरुवारपर्यंत पहिला ४५, ४२, ४०, ३८ असा उतरतो, दुसरा ३८, ३२, २८, २५ असा. आठवड्याची बेरीज पहिल्याची ४३५, दुसऱ्याची ४३८. कागदावर दोघे सारखेच. पण दुसऱ्या शुक्रवारी पहिल्याकडे ३५ ते ४० लाखांची मागणी शिल्लक आहे आणि दुसऱ्याकडे जेमतेम १२ ते १५ लाखांची. थिएटरवाले ज्या दिवशी पुढच्या आठवड्याचे खेळ लावतात, त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांसमोर हेच असतं. तीनशे पंधराचा वीकेंड तेव्हा जुना झालेला असतो.

सोमवारची तुलना नेहमी शुक्रवारशी करायची, रविवारशी नाही. रविवारच्या मानाने सोमवारी सगळेच पडतात, त्यातून काही कळत नाही. सोमवार आणि शुक्रवार दोन्ही कामाचे दिवस. शुक्रवारी नव्या चित्रपटाची उत्सुकता असते, सोमवारी फक्त ऐकीव माहिती. सोमवार शुक्रवारच्या ७० टक्क्यांवर असेल तर लोक एकमेकांना ‘बघच’ म्हणून सांगताहेत. ५० ते ६० टक्के म्हणजे ठीक, ज्यांच्यासाठी केला त्यांना आवडला. ४० च्या खाली गेला तर पहिल्या तीन दिवसांत आलेल्यांनी पुढच्यांना आणलं नाही. हे ठोकताळे आहेत. ते मोडण्याची कारणं नेहमीच्या कॅलेंडरात सापडतात, आणि नेमकी तिथेच नवखे वाचक फसतात.

शुक्रवारीच १५ ऑगस्ट आला, तर शुक्रवारचा आकडा फुगतो आणि सोमवारची टक्केवारी उगाच वाईट दिसते. अशा वेळी सोमवारची तुलना शनिवारच्या पहिल्या दोन खेळांशी करून पाहावी. मंगळवारी अनेक मल्टिप्लेक्स स्वस्त तिकीट ठेवतात. मंगळवार सोमवारपेक्षा वर गेला म्हणून ‘चित्रपट वाढतोय’ असं म्हणू नये, बुधवार बघावा. बुधवार सोमवारच्या जवळपास टिकला तर वाढ खरी. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी संध्याकाळचे खेळ रिकामे असतात आणि पाडवा-भाऊबीजेला घरंच्या घरं बाहेर पडतात. गणपतीत, विशेषतः गौरींच्या दिवसांत, महाराष्ट्रात मराठी प्रेक्षक घरात आणि मांडवात असतो. नवरात्रात मुंबईकडे रात्रीचे खेळ गरब्यामुळे बसतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावी असलेलं घर थिएटरकडे फिरकत नाही. क्रिकेटचा मोठा सामना रविवारी असेल तर रविवार शनिवारच्या खाली जातो आणि त्यात चित्रपटाचा काही दोष नसतो.

सणवाराचा परिणाम उलट्या दिशेनेही होतो. ‘छावा’ १४ फेब्रुवारी २०२५ ला, शुक्रवारी आला. पुढच्या बुधवारी, १९ तारखेला, शिवजयंती होती. एरवी पहिल्या आठवड्यातला बुधवार हा उतरणीचा दिवस. इथे त्या बुधवारची कमाई मंगळवारच्या बरीच वर जाऊन थेट पहिल्या शुक्रवारच्या पातळीला पोचली. विषय आणि दिवस यांचा असा मेळ बसला की प्रेक्षक मित्रांसोबत न येता मुलांना, आईवडिलांना घेऊन येतो, आणि एका निर्णयातून एकाऐवजी पाच तिकिटं विकली जातात. ऐतिहासिक चित्रपटांचं महाराष्ट्रातलं गणित समजून घ्यायचं असेल तर या ‘एका निर्णयामागे किती तिकिटं’ या आकड्याकडे बघावं.

यावरूनच आवडीचा नकाशा वाचता येतो. भयपट, मारधाड, तरुणांचे प्रेमपट यांचा शुक्रवार मोठा आणि रविवार सपाट असतो. येणारा प्रेक्षक कॉलेजचा, त्याला रविवारची वाट बघावी लागत नाही. कौटुंबिक आणि विनोदी चित्रपटांचा शुक्रवार मंद, शनिवारी दुपारपासून चढ आणि रविवारी शुक्रवारच्या दुप्पट. मराठी चित्रपटाचा शुक्रवार कमी दिसला म्हणून लगेच ‘पडला’ म्हणणारे हा फरक विसरतात. मराठी कौटुंबिक चित्रपटाचा निकाल शनिवारी दुपारच्या तीन-साडेतीनच्या खेळाआधी लागतच नाही. प्रौढांसाठीचं ‘ए’ प्रमाणपत्र असेल तर हा रविवारचा चढ सुरुवातीलाच कापला जातो, मग चित्रपट कितीही चांगला असो.

खेळाची वेळही बोलते. ‘बाईपण भारी देवा’ (प्रदर्शन ३० जून २०२३) हे याचं ठळक उदाहरण. बायकांचे गट, भिशी मंडळं, सोसायट्या, शाळेतल्या जुन्या मैत्रिणी एकत्र येत होत्या आणि त्यांच्यासाठी कामाच्या दिवशीची दुपार ही गैरसोयीची नव्हे तर सोयीची वेळ होती. परिणामी सोमवार ते गुरुवार कोसळला नाही, आणि दुसऱ्या आठवड्याची कमाई पहिल्या आठवड्याच्या दुपटीच्या आसपास गेली. फक्त पहिला वीकेंड पाहून कोणी भाकीत केलं असतं, तर ते कित्येक पटींनी चुकलं असतं. दुपारचे खेळ भरताहेत आणि रात्रीचे रिकामे, असं दिसलं की समजावं: हा प्रेक्षक वेगळा आहे, याला रविवारचं माप लावू नये.

आता खेळांकडे. वरच्या पहिल्या चित्रपटाला शुक्रवारी ९०० खेळ होते आणि तिकिटाचा सरासरी नेट दर १५० रुपये होता असं धरा. ६० लाख म्हणजे ४० हजार तिकिटं, दर खेळाला ४४. रविवारी खेळ १००० झाले, १२० लाख म्हणजे ८० हजार तिकिटं, दर खेळाला ८०. रक्कम दुप्पट झाली, पण दर खेळामागची गर्दी त्याहून थोडी कमी वाढली. असा हिशेब रोज केला की दुसऱ्या आठवड्यातलं खरं चित्र दिसतं. समजा, याच दराने एखाद्या चित्रपटाला गुरुवारी ९०० खेळांतून ४० लाख मिळाले, आणि दुसऱ्या शुक्रवारी खेळ ३०० वर आले आणि कमाई १८ लाखांवर, तर ‘५५ टक्के घसरण’ अशी बातमी येईल. पण दर खेळाला तिकिटं ३० वरून ४० झाली. प्रेक्षक घटला नाही, जागा घटली. याला आवड कमी झाली म्हणता येत नाही.

मराठी चित्रपटांच्या बाबतीत हे फार घडतं आणि ते मनाला लागतं. पुढच्या शुक्रवारी मोठा हिंदी किंवा दक्षिणेतला चित्रपट येणार असतो, त्याचा वितरक खेळांची संख्या आधीच ठरवून घेतो, आणि जागा करायची तर कापायचं कोणाला, याचं उत्तर ठरलेलं असतं. २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपटासाठी प्राइम टाइम सक्तीचा केला, मग वादानंतर दुपारी १२ ते रात्री ९ या पट्ट्यातला खेळ असं त्याचं रूप झालं. या पट्ट्यात दुपारी साडेबाराचा खेळ दिला तरी नियम पाळला जातो. नोकरी करणाऱ्याच्या दृष्टीने तो खेळ असून नसल्यासारखा. म्हणून नुसती खेळांची संख्या मोजू नका, संध्याकाळी सहा ते साडेआठ या वेळात सुरू होणारे किती ते वेगळं मोजा.

हे घरबसल्या तपासता येतं. दहा-बारा थिएटरं निवडा: मुंबई-ठाण्यातली चार, पुणे-पिंपरीतली तीन, आणि नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर, नागपूर यांतलं एकेक. निवड एकदाच करा आणि आठवडाभर बदलू नका. रोज त्याच वेळेचे तीन खेळ घ्या: दुपारी साडेतीनच्या आसपासचा, संध्याकाळी सातचा, रात्री दहाचा. खेळ सुरू व्हायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी बुकिंगच्या पानावर आसनांचा आराखडा उघडा आणि भरलेल्या खुर्च्या मोजा. एक खबरदारी घ्या. आराखड्यात राखाडी दिसणारी प्रत्येक खुर्ची विकलेली नसते. काही खुर्च्या थिएटर स्वतःकडे राखून ठेवतं, काही नादुरुस्त असतात. त्याच पडद्यावरचा सकाळचा अगदी रिकामा खेळ उघडून कोणत्या खुर्च्या तिथेही बंद दिसतात ते एकदा टिपून घ्या आणि रोजच्या मोजणीतून तेवढ्या वजा करा. हे न केल्याने वीस माणसांच्या खेळाला पन्नासची गर्दी समजली जाते. एकपडदा थिएटरांत आणि लहान गावांत बरीच विक्री खिडकीवरच होते, तिथे आराखडा कमी दाखवेल. पण रोजचा कमीपणा साधारण सारखाच असल्याने चढ-उतार तरीही दिसतो.

मोजताना बनावट गर्दीही ओळखता आली पाहिजे. खरी विक्री मागच्या रांगांच्या मधल्या खुर्च्यांपासून दोन-दोन, चार-चार अशी सुटी भरत जाते आणि पुढच्या दोन रांगा शेवटी भरतात. पहिल्या रांगेपासून शेवटपर्यंत सलग ठोकळे भरलेले, तेही सकाळी नऊच्या खेळाला, आणि त्याच पडद्यावरचा संध्याकाळचा सातचा खेळ अर्धा रिकामा, असं दिसलं तर ती घाऊक खरेदी आहे. कधी ती खरोखर एखाद्या संस्थेने आपल्या लोकांसाठी केलेली असते आणि हॉल भरतोही. पण तिच्यावरून आवड मोजता येत नाही, कारण तिकीट काढायचा निर्णय बसणाऱ्याने घेतलेला नसतो. ‘एकावर एक मोफत’ योजनेत दुसऱ्या तिकिटाचे पैसे बहुधा निर्मात्याच्या खिशातून जातात, आणि ते जमेस धरले की रक्कम फुगते. योजना कोणत्या दिवशी सुरू झाली ते टिपा आणि ती संपल्यानंतरचा पहिला दिवस पाहा.

दराचा परिणाम किती असतो, तेही ध्यानात ठेवा. २३ सप्टेंबर २०२२ ला राष्ट्रीय चित्रपट दिनी देशभर ७५ रुपयांत तिकीट ठेवलं गेलं आणि मल्टिप्लेक्स संघटनेच्या सांगण्यानुसार एका दिवसात ६५ लाख प्रेक्षक आले. त्याच आठवड्यात लागलेल्या चित्रपटांची गुणवत्ता एका रात्रीत बदलली नव्हती. ‘लोकांना आता थिएटरात जायला आवडत नाही’ हे विधान करण्याआधी तिकीट कितीला होतं हे विचारलं पाहिजे. चार जणांच्या घराला मल्टिप्लेक्सचा दर परवडत नसेल, तर ते घर आवड असूनही घरीच बसेल, आणि आपण त्याची नोंद ‘नावड’ म्हणून करू.

प्रदेशाचं गणित चित्रपट व्यवसायाच्या जुन्या नकाशामुळे जरा किचकट आहे. वितरणासाठी देशाचे जे विभाग पाडलेले आहेत त्यांना ‘टेरिटरी’ म्हणतात. त्या हिशेबात ‘मुंबई’ म्हणजे नुसतं मुंबई शहर नव्हे, त्या टेरिटरीत गुजरातही येतो. विदर्भ ‘सीपी-बेरार’मध्ये (जुना मध्य प्रांत-वऱ्हाड) जातो आणि मराठवाडा ‘निझाम’मध्ये (जुनं हैदराबाद संस्थान). त्यामुळे हिंदी चित्रपटाची ‘मुंबई टेरिटरी’ची कमाई वाचून महाराष्ट्राच्या आवडीबद्दल निष्कर्ष काढू नका. मराठी चित्रपटाचं बरं असतं, जवळजवळ सगळी कमाई राज्यातली आणि थोडी गोव्याची-बाहेरची असते. पण तिथेही मुंबई-ठाणे-पुण्याचं वजन इतकं असतं की या पट्ट्यात पडलेला आणि सोलापूर-सांगलीत धावणारा चित्रपट एकूण आकड्यात पडलेलाच दिसतो. ‘सैराट’ (२९ एप्रिल २०१६) वेगळा ठरला तो यामुळे. ग्रामीण भागातल्या थिएटरांत मध्यरात्रीनंतरचेही खेळ लावावे लागले आणि शहरांतही गर्दी ओसरली नाही. दोन्हीकडचा प्रेक्षक एकाच वेळी आला. मराठीत अशी वेळ क्वचित येते.

एक मर्यादाही मान्य केली पाहिजे. वीकेंड असो की सोमवार, हे सगळं त्या आठवड्यात तिकीट काढणाऱ्याचं मोजमाप आहे. ‘तुंबाड’ ऑक्टोबर २०१८ मध्ये आला तेव्हा थिएटरांतली कमाई बेताची होती. पुढे घराघरांत, मोबाइलवर लोकांनी तो पाहिला, एकमेकांना सांगितला. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा थिएटरात लागला तेव्हा पुनर्प्रदर्शनाची कमाई मूळ प्रदर्शनाच्या संपूर्ण कमाईपेक्षा जास्त झाली. चित्रपट तोच होता. त्याची माहिती असलेला प्रेक्षक तयार व्हायला सहा वर्षं लागली, आणि थिएटरचं वेळापत्रक सहा दिवसांपेक्षा जास्त थांबत नाही.

तेव्हा सुरुवातीच्या त्या पाच कोटींच्या चित्रपटाबद्दल तीन आकडे शोधा: पहिला सोमवार पहिल्या शुक्रवारच्या किती टक्के होता, पहिल्या गुरुवारी संध्याकाळच्या सातच्या खेळाला सरासरी किती खुर्च्या भरल्या, आणि दुसऱ्या शुक्रवारी उरलेल्या सकाळच्या दोन-तीन खेळांत किती माणसं होती. सोमवार ३५ टक्क्यांवर आणि गुरुवारी खुर्च्या पंधरा-वीस असतील, तर तीन दिवसांत येणारे येऊन गेले होते आणि थिएटरने योग्यच केलं. सोमवार ६५-७० टक्के, गुरुवारी साठ-सत्तर खुर्च्या, आणि दुसऱ्या शुक्रवारी सकाळी नऊलाही अर्धा हॉल भरलेला, असं असेल तर चित्रपट आवडला होता आणि त्याच्याकडून खेळ काढून घेतले गेले. दुसऱ्या शक्यतेत एक गोष्ट अजून करता येते: पुढच्या आठवड्याचे खेळ बहुधा सोमवार ते बुधवार या काळात ठरतात, तेव्हा आपल्या जवळच्या थिएटरात सोमवारी संध्याकाळच्या खेळाचं तिकीट काढणं हे शनिवारच्या तिकिटापेक्षा त्या चित्रपटाच्या जास्त उपयोगी पडतं.